करदंट, करदोडा आणि कंबर

भावोजींच्या रक्तातली साखर ‘बॉर्डरवर’ आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा भावोजी जराही घाबरले नाहीत. “डॉक्टर, आम्ही बेळगावकर १९५६ पासून बॉर्डरवरच हाय. काय झालं? चालूलंय की,” असं म्हणाले आणि येताना पाव किलो कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, घेऊन आले. आमच्या घरात टेन्शन आलं की कुंदा आणतात. टेन्शन गेलं की पण आणतात.

तो पुडा नेमका पुतणीच्या हातात पडला. पुतणी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरात कुणी नुसतं ‘हुश्श’ म्हटलं तरी बीपीचं मशीन घेऊन धावत येते. तिने आधी कुंद्याकडे बघितलं, मग भावोजींच्या पोटाकडे, मग आमच्या सगळ्यांच्या पोटांकडे, आणि त्याच संध्याकाळी जाहीर केलं की आता स्पर्धा होणार. वरचा मजला विरुद्ध खालचा मजला.

रेल्वेच्या तिसऱ्या गेटच्या पलीकडे आमचं घर. वर भावोजी आणि जाऊबाई, खाली मी आणि हे, आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, ज्या मजल्यावर चांगलं काही शिजलं असेल त्या मजल्यावर. बोअरची मोटर मात्र दोघांत एक. तिचा मीटर वेगळा, आणि त्याचं बिल कुणी भरायचं यावर आमच्याकडे दर महिन्याला एक शिखर परिषद होते. बक्षीस पुतणीने हेच ठेवलं: हरेल त्या मजल्याने वर्षभर मोटरचं बिल भरायचं. आरोग्यासाठी कुणी हललं नसतं. मोटरसाठी सगळे उठून बसले.

मिरगाला सुरुवात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी शेवट. नियमांचा कागद फ्रिजवर. जेवताना अर्धं ताट भाजी-कोशिंबीर असेल तर पाच गुण. साखरेचा चहा, उणे दोन. तळण, उणे पाच. कुंदा, मांडे, करदंट, उणे दहा. पावलं रोजची १०,००० लिहिली होती. यावर ह्यांनी हरकत घेतली. मग पुतणीनेच कबूल केलं की हा आकडा काही वेदातला नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मीटर’ अशा अर्थाचं होतं, तिथून तो जगभर पसरला. “मग जपान्यांचं जपान्यांना. आमची ढांग मोठी,” असं म्हणून ह्यांनी घासाघीस करत ८,००० वर तोडलं. दहा गुण.

करदंटावर तर सुनावणीच झाली. भावोजींचं म्हणणं, करदंटात काजू, बदाम, खारीक, खोबरं, म्हणजे तो सुकामेवा, म्हणजे औषध. साक्षीला शेजारच्या अक्कांना बोलावलं. अक्कांचं माहेर गोकाकचं, म्हणजे करदंटाचंच गाव. अक्का कंपाउंडवरून मोडक्या मराठीत खरं तेवढं बोलून गेल्या: “करदंट म्हणजे करिद अंटू. करिद म्हणजे तळल्याला, अंटू म्हणजे डिंक.” पुतणी म्हणाली, “बघा, नावातच तळलेलं आहे.” निकाल: करदंट उणे दहा, शिवाय तळणाचे उणे पाच. आपलाच साक्षीदार उलटल्यावर वकिलाचं जे होतं ते भावोजींचं झालं. (मनातल्या मनात खाल्लेल्या मांड्यांचे गुण कापणार का, असंही ह्यांनी विचारलं होतं. बाकीच्या मराठी मुलखात मांडे बहुतेक मनातच खातात, पण आमच्या बेळगावात लग्नकार्यात ते खरोखर ताटात येतात, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला गंभीर वाटला. मनातले माफ झाले.)

खरी लढाई कमरेची. शेवटी कमरेचा जो सेंटिमीटर कमी होईल, त्याला वीस गुण. पुतणीने सांगितलं, आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८० च्या. तोपर्यंत सगळे माना डोलवत होते. मग तिने टेप काढला आणि प्रश्न आला की कंबर कुठे आहे?

ह्यांचं म्हणणं, पँटचा पट्टा बसतो ती कंबर. आता ह्यांचा पट्टा गेली दहा वर्षं पोटाच्या खाली सरकत सरकत अशा ठिकाणी गेलाय की समोरून बकल दिसत नाही, फक्त आहे असं मानायचं. तिथे मोजलं तर आकडा फारच सोज्वळ येतो. जाऊबाई म्हणाल्या, परकराची नाडी बसते ती कंबर. तीस वर्षांचा वण आहे, खोटं कशाला बोलेल? पुतणीचं शास्त्र तिसरंच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, दोन्ही चाचपून काढायची आणि त्यांच्या बरोबर मधोमध टेप धरायचा. ती वडिलांची शेवटची बरगडी शोधायला लागली. दोन मिनिटं शोधली. भावोजींना गुदगुल्या झाल्या, बरगडी काही झाली नाही.

शेवटी एकसदस्यीय आयोग नेमायचं ठरलं. आत्ती. आत्तींनी सगळ्यांना ओळीने उभं केलं, चष्मा वर ढकलला आणि पाच मिनिटांत निकाल दिला: “गड्याचा करदोडा बसतोय ती कंबर, बाईची नाडी बसतीय ती कंबर. देवानं खूण करून ठेवलीय, आणि तुम्ही हाडं कसली हुडकूलाय गे?”

निकाल उत्तम होता, पण अडचण अशी की ह्यांचा करदोडा आहे आणि भावोजींचा तीन वर्षांत दोनदा तुटल्यापासून ते घालतच नाहीत. म्हणजे खालच्या मजल्याला सीमारेषा आहे, वरच्याला नाही. वरच्या मजल्याने निकाल फेटाळला. आत्ती म्हणाल्या, “मग मला इचारलं कशाला?” आमच्या सीमावादावर नेमलेल्या एका माणसाच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला होता, तोही असाच फेटाळला गेला, आणि २००४ पासून ते प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. त्यामुळे आमच्या घरात कुणाला नवल वाटलं नाही. मोजमाप शेवटी पुतणीच्या हाडांप्रमाणेच झालं.

नेमका तेव्हाच लाइट गेला. मिरगाचा पहिला पाऊस आणि लाइट यांचं आमच्याकडे पूर्वापार जमत नाही. माझ्या शिलाई मशीनच्या डब्यातला पिवळा टेप, जाऊबाईंच्या हातात मोबाइलची बॅटरी, बाहेर धो धो पाऊस, अशा वातावरणात आमच्या कंबरा नोंदल्या गेल्या: भावोजी १०९, हे १०४, मी ९७, जाऊबाई ९२. माझा आकडा पुतणीने जरा हळू आवाजात वाचला. बरी आहे पोरगी.

दुसऱ्या दिवसापासून चालणं. पहाटे साडेपाचला व्हॅक्सिन डेपो. टिळकवाडीतली ती जुनी झाडी, खाली ओली माती, वर पावसाचं थेंब थेंब गळणं. एके काळी इथे देवीची लस तयार व्हायची. देवी १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं, आता शुगरवाले येतात. पहिले चार दिवस आम्ही चौघं छत्र्या घेऊन चाललो. पाचव्या दिवशी ह्यांनी हिशेब मांडला: चालण्याचे दहा गुण मिळाले, बाहेर हॉटेलात एक वडा, उणे पाच, साखरेचा चहा, उणे दोन, तरी तीन शिल्लक. “नफ्यातच हाय की आपण.” त्या दिवसापासून आमचं चालणं म्हणजे हॉटेलला जायचा लांबचा रस्ता झाला.

मग पाऊस वाढला. बेळगावचा जुलै ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. वाळत घातलेलं फडकं चौथ्या दिवशी पण दमटच असतं. आम्ही सगळे घरात, फोन टेबलावर, पावलं शून्य. आणि अशा पावसात एक दिवस भावोजी स्कूटरवरून गणपत गल्लीला जाऊन फक्त कोथिंबीर घेऊन आले आणि त्यांची पावलं झाली १,१४०. पाय तर जमिनीला लागले नव्हते. पुतणीने फोन उलटासुलटा केला. मग लक्षात आलं: रस्त्यावरचे खड्डे! प्रत्येक खड्ड्याला स्कूटर आदळते, वरच्या खिशातला फोन उसळतो आणि त्याला वाटतं माणूस चाललाय. यानंतर आठवडाभर दोन्ही मजल्यांचे पुरुष बाजाराला जायला एका पायावर तयार. मला लग्नाच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं गेलं, “काय आणायचं हाय का?” हे सकाळी मिरच्या आणत, दुपारी लिंबू, संध्याकाळी दुसरं लिंबू. जाताना चांगला रस्ता सोडून मुद्दाम वाईट रस्त्याने जात. शेवटी पुतणीने नियम दुरुस्त केला: खिशात फोन ठेवून वाहन चालवल्यास ती पावलं बाद. त्या दिवशी मिरच्या संपल्या.

आता माझं. स्पर्धा चौघांची होती, पण स्वयंपाक एकीचा. जाऊबाई सकाळी शाळेत शिकवायला जातात, म्हणून सकाळचा ओटा माझाच. अर्धं ताट भाजी हे कागदावर तीन शब्द आहेत. ओट्यावर त्याचा अर्थ रोज दीड किलो भाजी निवडणं. मेथी, राजगिरा, चवळी, काकडी. त्यात भावोजींना एक भाकरी कमी, ह्यांना भात मूठभर (आणि घरात बेळगावचा वासाचा तांदूळ, ज्याचा वासच शेजारी जेवून जातो), आत्तींना मात्र सगळं पहिल्यासारखं, कारण आयोगाला पथ्य नसतं.

आणि प्रत्येक जण गुण वाचवण्यासाठी ताटात थोडं थोडं सोडायला लागला. “वहिनी, ही अर्धी भाकरी काढा, गुण जातील.” “अगं, एवढं एण्णेगाई नको, तेल वर आलंय.” भरल्या वांग्याला आमच्याकडे एण्णेगाई म्हणतात, आणि एण्णे म्हणजे तेल, तेव्हा वर येणारच. मग ती अर्धी भाकरी, दोन वांगी, पातेल्याच्या तळाशी राहिलेली डाळ, दह्याच्या वाटीतलं शेवटचं दही, हे सगळं ओट्यापाशी उभं राहून कोण संपवणार? टाकायचं? ज्वारीचा भाव बघितलाय? मी उभ्या उभ्या संपवायची. उभ्याने खाल्लेल्याची नोंद कुठल्याच रकान्यात नव्हती. पुतणीने ‘ताटातलं’ असं लिहिलं होतं. मी ताटात घेतच नव्हते.

असं करत नागपंचमी आली. हा आमच्या भागात लाडवांचा सण. शेजारच्या अक्कांकडे आठ दिवस आधीपासून भाजण्याचा वास: शेंगा, तीळ, हरभऱ्याची डाळ, रवा. त्याला त्या उंडी म्हणतात. आदल्या दिवशी संध्याकाळी अक्का स्टीलचा डबा घेऊन आल्या, तेव्हा आम्ही चौघं हॉलमध्ये हात वर करून उभे होतो आणि पुतणी टेप लावत होती. “एन माडाकत्तीरी?” अक्का दारातच थबकल्या. आत्ती म्हणाल्या, “काय नाही अक्का, पोटं मोजूलाव.”

या वेळी पुतणीने कॉलेजातून नवा टेप आणला होता, गुंडाळी होणारा, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारा. लाइट पण होता. हे १०४ वरून १००! भावोजी १०९ वरून १०४! जाऊबाई ९२ वरून ८८! मी ९७ वरून साडेत्र्याण्णव. हॉलमध्ये असा जल्लोष झाला की वरून पाण्याची टाकी भरून वाहत होती तरी कुणी मोटर बंद केली नाही. भावोजींनी अक्कांच्या हातातला डबा स्वतः घेतला. “आज गुण नाहीत, आज सण!” शेंगाची उंडी, तिळाची उंडी, परत शेंगाची. साडेतीन सेंटिमीटर कमी झालेल्या बाईने दोन खाल्ल्या तर काय होतंय म्हणून मी तीन खाल्ल्या.

तेवढ्यात आत्ती मशीनच्या डब्यात सुई शोधत होत्या. ब्लाउजचं बटण लावायचं होतं. हाताला पिवळा टेप लागला. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला. “काय गे, ह्याचा एक-दोन कुठं गेला?”

सगळ्यांचे जबडे थांबले. टेपचं टोक नव्हतं. केव्हा तरी, बहुतेक आमचा मुलगा लहान असताना त्याने कात्रीचा पराक्रम केला असणार, टेप चारपासून सुरू होत होता. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, कुणी सुरुवात बघितलीच नव्हती. पहिल्या दिवशीच्या प्रत्येक आकड्यात चार सेंटिमीटर फुकटचे होते.

पुतणी मनात वजाबाकी करत होती, तिचे ओठ हलत होते. हे, १०० चे १००. जाऊबाई ८८ च्या ८८. भावोजी १०५ वरून १०४, म्हणजे एक सेंटिमीटर खरोखर कमी. खड्ड्यांनी केलं की काय देव जाणे. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ९३ च्या साडेत्र्याण्णव. अख्ख्या स्पर्धेत वाढलेली मी एकटी.

“अर्धाच की,” हे म्हणाले. हा त्यांचा आधार देण्याचा प्रकार.

“ती उभ्यानं खातीय,” आत्ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या. “रोज बघूलोय मी. तुम्ही ताटात सोडायचं, तिनं पोटात घालायचं. तिचा अर्धा तुम्हा तिघांच्यात वाटा.”

वरच्या मजल्याने हा निकालही फेटाळला. त्यांचं म्हणणं, एक सेंटिमीटर म्हणजे वीस गुण, मोटरचं बिल खाली. आमचं म्हणणं, खड्ड्यांतली पावलं पूर्वलक्षी पद्धतीने बाद करा, मग बोला. पुतणी म्हणाली, पुन्हा मोजू, गणपती झाल्यावर. तारीख पडली. मोटरचं बिल फ्रिजवर नियमांच्या कागदावरच लावून ठेवलंय. भावोजी पाणी प्यायला खाली आले की त्याच्याकडे बघतात, हे वर गेले की विषय काढतात. आणि अक्का डबा परत न्यायला आल्या तेव्हा डब्यात तळाशी दोन उंडी राहिल्या होत्या. रिकामा डबा तरी कसा द्यायचा म्हणून त्यात साखर घालायची होती, म्हणून मी त्या दोन उंडी आधी ओट्यापाशी उभ्या उभ्याच संपवल्या.