तुतनखामनचा खंजीर आणि 'हरवलेलं तंत्रज्ञान'

इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला इजिप्तचा राजा तुतनखामन याच्या खंजिराचा फोटो आणि त्याखाली हा दावा सध्या जोरात फिरतोय: 'इजिप्शियनांना लोखंड गाळता येत नव्हतं, तरी हा खंजीर सापडला, त्याहून जुने लोखंडी मणीही सापडले. तांब्याच्या हत्यारांनी ग्रॅनाइट कापणं तर अशक्यच. म्हणजे हे सगळं कुठल्यातरी नष्ट झालेल्या प्रगत संस्कृतीचं.'

पहिलं वाक्य त्या काळापुरतं खरं आहे. गडबड 'तरी'पासून सुरू होते.

लोखंड गाळावं लागतं ते खनिजातून काढायचं असेल तर. उल्केतून ते तयार धातू म्हणूनच पडतं आणि त्यात निकेल भरपूर असतं. या पात्यात ते जवळपास ११ टक्के आहे; २०१६ साली क्ष-किरणांनी, पातं न खरवडता, ते मोजलं गेलं. इजिप्तच्या शेजारच्या मितान्नी राज्याच्या तुश्रत्त राजानं इजिप्तचा राजा तिसरा आमेनहोतेप याला लोखंडी पात्याचा खंजीर भेट दिल्याची नोंद इजिप्तमधल्या अमार्ना इथे मिळालेल्या, राजेलोकांच्या पत्रव्यवहाराच्या मातीच्या पाट्यांवर आहे. तो हाच, असं सिद्ध झालेलं नाही. पण असा खंजीर तेव्हा राजेलोकांच्या आहेरात शोभायचा, एवढं नक्की.

मण्यांची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. कैरोच्या दक्षिणेला गेर्झे इथल्या कबरींत १९११ साली असे नऊ मणी मिळाले. काळ इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपास. धातू इथेही उल्केचाच. दगडी मण्याला भोक पाडतात. इथे लोखंड ठोकून ठोकून पातळ पत्रा केलाय आणि तो नळीसारखा गुंडाळलाय. हात धातुकाम जाणणाऱ्याचा आहे. ते ओवले होते सोनं, लाजवर्द (निळा दगड) आणि कार्नेलियन (लालसर दगड) यांच्या मण्यांसोबत.

ग्रॅनाइटचं म्हणाल, तर तो तांब्याची करवत कापतच नाही. कापते ती करवतीखालची वाळू, म्हणजे गारेचे कण. प्राचीन हत्यारांवर प्रयोग करणारे डेनिस स्टॉक्स यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं. काम संथ होतं, तांबंही झिजतं, पण दगड कापला जातो. अस्वानच्या खाणीत अपुऱ्या राहिलेल्या ओबेलिस्कभोवतीचा (एकसंध दगडी स्तंभाभोवतीचा) दगड तर डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून काढलाय.

राहिली ती प्रगत संस्कृती. धातू गाळला की मागे भट्ट्या आणि मळी, म्हणजे धातू गाळल्यावर उरणारा कचरा, उरतेच. तांबं गाळणाऱ्यांच्या अशा खुणा इजिप्तमधल्या सिनाईत आणि तांबड्या समुद्रकाठच्या आइन सुखनाला आहेत. कैरोजवळच्या साक्कारा या दफनभूमीत पहिल्या राजवंशातल्या एकाच थडग्यात तांब्याच्या हत्यारांचा आणि भांड्यांचा मोठा साठा मिळाला. तिथल्याच मेरेरुका या बड्या अधिकाऱ्याच्या थडग्याच्या भिंतीवर तर फुंकण्यांनी भट्टी फुलवणारे कारागीर कोरलेत. त्या 'प्रगत' लोखंडवाल्यांची मळी कुठाय?