ताई, नाव कशाला?

गेल्या महिन्यातली गोष्ट. एका भारुडाचं रेकॉर्डिंग होतं. चाल माझी, पैसेही माझेच. पुण्यात तासावर भाड्याने घेतलेला स्टुडिओ, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. नारायणगावकडून एक पोरगा ढोलकी वाजवायला आला होता. बावीस-तेवीस वर्षांचा. चाकणच्या पुढे पाऊस लागला म्हणून ढोलकीवर प्लास्टिकची मोठी पिशवी बांधलेली, आणि स्वतः मात्र चिंब. आल्या आल्या त्याने आधी ढोलकी पुसली, मग डोकं. उतरलेली ढोलकी कड्या ओढून सुराला लावली, चहा अर्धा तसाच ठेवला आणि दुसऱ्या टेकला असं काही वाजवलं की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट खुर्चीतून उठून उभा राहिला.

काम झालं. मी त्याच्यासमोर एक कागद ठेवला आणि म्हटलं, पूर्ण नाव लिही, गाव लिही, काय काय वाजवलंस ते लिही.

तो म्हणाला, "ताई, नाव कशाला? पाकीट द्या की. उजेडात पोचायचंय."

त्याला पाच मिनिटं बसवून मी जे सांगितलं, तेच आज जरा विस्ताराने इथे लिहिते आहे. माझ्या यादीत गाणारे, वाजवणारे, चाली लावणारे बरेच जण आहेत. वेळ काढून वाचा.

आधी माझं सांगते. २०१३ मध्ये एका कंपनीने अभंगांचा अल्बम केला. आठ अभंग. पेटी मी वाजवली, संयोजन माझं, आणि त्यातल्या तीन अभंगांच्या चाली माझ्या. त्यातली एक चाल मला मिरजेच्या घरी, आजी गेली त्या आठवड्यात सुचली होती. शेवटच्या दिवशी स्टुडिओच्या दारात, गाडीच्या बॉनेटवर ठेवून चार पानी इंग्रजी कागदावर माझी सही घेतली. मी तो वाचला नाही. वाचायला मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं मला तेव्हा वाटायचं. पाकीट घेतलं, नमस्कार केला, स्वारगेटला जाऊन एसटी पकडली.

अल्बम आला. त्या तिन्ही अभंगांपुढे लिहिलं होतं, "संगीत : पारंपरिक".

मी गप्प बसले. आई म्हणाली, अभंग तुकोबांचा, तुझं त्यात काय? मलाही पटलं. तुकोबांचे शब्द कुणाच्याच मालकीचे नाहीत, सगळ्यांचे आहेत. पण चाल तुकोबांची नव्हती. ती माझी होती. हा फरक कळायला मला सात वर्षं लागली.

२०२० च्या टाळेबंदीत कार्यक्रम बंद, शिकवण्या बंद. घरी बसून पेटीवर तोच अभंग गायले आणि माझ्या यूट्यूब चॅनेलवर टाकला. दोन दिवसांत त्याच कंपनीचा दावा आला, की हे संगीत आमचं आहे. मी हरकत नोंदवली. अशा हरकतीला उत्तर द्यायला दावेदाराला तीस दिवस असतात. अठ्ठाविसाव्या दिवशी हरकत फेटाळल्याचा मेल आला. माझ्याच घरात, माझ्याच पेटीवर, माझीच चाल, आणि ती माझी आहे हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीला ती चार पानं दाखवली. ती म्हणाली, कागद वाईट आहे, पण कायदा तुझ्या बाजूने आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेरही किती जोर लावला, हे अनेकांना आठवत असेल. त्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार आपल्या रचनेचे हक्क विकू शकतात, पण रचना वापरली गेली की येणाऱ्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडून देऊ शकत नाहीत. 'सोडला' असं लिहून सही केली तरी तो सुटत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रचनाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो. आणखीही दोन गोष्टी तिने सांगितल्या. कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. शिवाय सही करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, ते कागदात स्पष्ट नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर त्या माध्यमाचे हक्क गेलेले नसतात.

मला वाटलं, सुटले. मग तिने विचारलं, "पण चाल तुझी आहे, हे कुठे लिहिलंय?"

कुठेच नाही. अल्बमवर पारंपरिक, कागदात माझा उल्लेख नुसता वादक म्हणून. कायद्याने माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, पण आत जायला जे नाव लागतं तेच मी लिहून घेतलं नव्हतं.

म्हणून त्या पोराला मी सांगितलं, नाव मिरवायला नाही मागत बाबा, नाव हा पुरावा आहे.

ध्वनिमुद्रित संगीताची आपल्याकडची सुरुवातच नावापासून झाली आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. गाणं संपताना त्या इंग्रजीत म्हणतात, 'माय नेम इज गौहर जान'. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून हे सांगणं. त्या तीन मिनिटांत सारंगी आहे, तबला आहे. त्यांना कुणी नाव विचारलं नाही, आणि आज आपण कितीही कान लावला तरी ते कळायचं नाही.

दुसरं उदाहरण माझ्या आवडत्या माणसाचं. अँथनी गोन्साल्विस, गोव्यातल्या माजोर्ड्याचे. व्हायोलिन वाजवायचे, मुंबईच्या सिनेसंगीतात अरेंजर होते, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांचे गुरू. गोव्याहून आलेल्या अशा अनेक वादक-अरेंजरांनी हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला. स्वरलेखन तेच करायचे, कुठल्या ओळीमागे काय वाजायचं तेही तेच ठरवायचे, आणि पडद्यावर नाव आलंच तर सहायक म्हणून. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त नायक अंड्यातून बाहेर येऊन आपलं नाव सांगतो, ते या गुरूचं नाव आहे. शिष्याने आठवणीने घातलेलं. गाणं देशाला पाठ आहे. ते नाव एका जिवंत व्हायोलिनवादकाचं आहे हे किती जणांना माहीत होतं?

त्याच १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. सिनेमाच्या निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं असेल आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर हक्क निर्मात्याचा, असं त्यात ठरलं. पण त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टीप जोडली, की गाणाऱ्याचा हक्क आपल्या कायद्यात कुठेच नाही आणि संसदेने त्याचा विचार करावा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क कायद्यात यायला पुढे १९९४ उजाडलं. त्याच वर्षी संगीतकाराची व्याख्याही सुधारली. तोवर कायदा लिहिलेल्या, छापलेल्या संगीतालाच संगीत मानत होता. आता नोटेशन केलं नसलं तरी चाल करणारा तो संगीतकार. विचार करा, आपल्या परंपरेत कागदावर किती असतं आणि गळ्यात किती.

वादकांसाठी याच कायद्यातली एक ओळ मी त्या पोराला दोनदा वाचून दाखवली. कलाकार कोण, तर नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा. म्हणजे ढोलकीवालाही कलाकारच. पण सिनेमाच्या बाबतीत एक अट आहे. ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि व्यवसायाच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच दिलं जात नाही, तो कलाकार धरला जात नाही. 'नाव नाही टाकलं, त्यात काय एवढं' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हीच ओळ दाखवते.

माझा सगळ्यात मोठा राग आहे तो आपल्या शिक्षणावर. मी मिरजेची. याच गावात गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणाऱ्याला समाजात मान मिळावा यासाठी त्या माणसाने आयुष्य वेचलं, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, आणि शेवटी कर्जापायी मुंबईची इमारत गमावली. त्या परंपरेत आजही प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा होतात. मी त्या सातही दिल्या. रागांची तुलना, तालांची दुगुन-चौगुन, संगीतकारांची चरित्रं, सगळं लिहिलं. पण करार कसा वाचायचा, बिल कसं करायचं, मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला तर तो परत कसा मागायचा, आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सदस्य कुणी आणि का व्हायचं, यावर एक ओळ नव्हती. विशारदला पन्नास गुणांची एक प्रश्नपत्रिका यावर असायला काय हरकत आहे? शिकवायला लोक आहेत. मी स्वतः फुकट शिकवीन.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, मीही वाटले. सतार मिरजेची हे आता कागदोपत्री सिद्ध आहे. ती वाजवणाऱ्याचंही कागदोपत्री काही असावं, एवढंच माझं मागणं आहे.

आता त्या कागदाबद्दल. एकच पान आहे. वर गाण्याचं नाव, तारीख, जागा. खाली शब्द कुणाचे, चाल कुणाची, संयोजन कुणाचं, कोण काय गायलं-वाजवलं. रचनेतला वाटा टक्क्यांत. वादकाला एकरकमी पैसे दिले असतील तर ती रक्कम, आणि ते कशासाठी दिले हेही, नुसत्या ध्वनिमुद्रणासाठी की कार्यक्रमात ट्रॅक म्हणून वापरायलाही. अलीकडे मी एक ओळ वाढवली आहे, की या वादनावरून कुठल्याही मशीनला शिकवायचं असेल तर वेगळी परवानगी घ्यावी लागेल. सगळ्यांच्या सह्या, आणि सह्यांसकट फोटो प्रत्येकाच्या मोबाईलवर. हे सगळं टेक सुरू व्हायच्या आधी, चहा येतो तेव्हा. पाकीट हातात पडल्यावर कुणी थांबत नाही. गाणं प्रसिद्ध करताना त्या ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे आयएसआरसी, मिळतो, तोही याच कागदावर लिहून ठेवा. चाल आणि शब्द तुमचे असतील तर आयपीआरएसचं, गात-वाजवत असाल तर इसामराचं सदस्य व्हा. इसामरा ही गायक-वादकांची संस्था, पूर्वीची इस्रा, आता तिच्या नावात वादकही आले आहेत.

कुणी म्हणेल, एवढं करून मिळतात किती? खरं आहे, थोडे मिळतात. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून, बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत. मराठीतल्या स्वतंत्र गाण्यांना हा उंबरठा उंचच आहे. पण पैसे उद्या येतील की नाही हे आज कुणालाच ठाऊक नसतं, आणि आले तर ते कागदावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडेच जाणार. शिवाय नाव फक्त पैशासाठी लागत नाही. टाळेबंदीत मदतीचे अर्ज निघाले तेव्हा कलाकार असल्याचा पुरावा मागत होते. वृद्ध कलावंतांच्या मानधनालाही तो लागतो. चाळीस वर्षं तबल्याची साथ केलेले आमचे एक काका जुन्या हँडबिलांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले होते. दोघांनी बसून सगळी तपासली. प्रत्येकावर गायकाचं नाव मोठं, निवेदकाचं नाव, पुरस्कर्त्यांचे फोटो, आणि शेवटी 'साथसंगत : नामवंत वादक'. काकांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बघ, नामवंत म्हटलंय." मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

दिवाळी पहाट करणाऱ्या, गणपतीत कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळांना हात जोडून सांगते, फ्लेक्सवर चार नावं जास्त घातली तर खर्च वाढत नाही. आणि गायक मित्रमैत्रिणींनो, हे तुम्ही सांगितलंत तर होईल. साथीदाराने सांगितलं तर पुढच्या वेळी दुसरा साथीदार येतो. कागद मागितला म्हणून माझीही दोन-तीन कामं गेली. तेव्हा एकट्याने मागणारा अडतो, ठाऊक आहे मला. पण पुण्यातल्या पंधरा पेटीवाल्यांनी, वीस तबलजींनी एकाच महिन्यात तोच कागद पुढे केला, तर कुणाकुणाला बदलतील? मुंबईच्या सिनेवादकांनी एकेकाळी संघटनेच्या जोरावर शिफ्ट आणि ग्रेडप्रमाणे दर ठरवून घेतले होते. तीही आपल्यासारखीच वाजवून पोट भरणारी माणसं होती.

तो पोरगा त्या दिवशी अंधारातच घरी पोचला, माझ्यामुळे. मागच्या गुरुवारी त्याचा फोन आला. दुसऱ्या कुणाच्या तरी स्टुडिओच्या बाहेरून बोलत होता, आवाज दबका. "ताई, इथं तुमच्यासारखा कागद नाही. काय करू?" म्हटलं, वहीचं पान फाड, हाताने लिही, चहाच्या वेळेला सगळ्यांपुढे धर.

रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर फोटो आला. रेघांचं पान, कडेला चहाचा डाग. पाच नावं, पाच सह्या. सगळ्यात खाली त्याचं स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे, "ढोलकी, हलगी, आणि दुसऱ्या कडव्यातल्या टाळ्या".

कागदाचा मराठी नमुना माझ्याकडे आहे. हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवते.