हलकं खा, भरपूर खा

मंडळी, ऊन वाढलंय, गॅससमोर पाच मिनिटं उभं राहवत नाही, आणि तळलेलं नुसतं बघितलं तरी पोटात ढवळतं असं आपण भेटेल त्याला सांगायला लागलोय (एकटे असताना ढवळत नाही, पण ते कुणी विचारत नाही). म्हणजे हलका, कमी तेलाचा आहार सुरू करायची वेळ झाली. यावर सल्ले देणारे ढिगाने आहेत, पण ते सगळे तुमचं खाणं कमी करायच्या मागे लागलेले असतात. माझा तसला काही हेतू नाही. ज्यांना हलकं खाल्ल्याचं पुण्य पाहिजे पण खाणं आहे तेवढंच किंवा शक्यतो जरा जास्त पाहिजे त्यांच्यासाठी हे लिहितोय, बाकीच्यांनी इथूनच परत फिरावं.

सुरुवात सॅलडपासून, दुसरं काय. काकडी, टोमॅटो, कुठलातरी हिरवा पाला, सगळं चिरून मोठ्ठ्या बाऊलमध्ये टाका. आता काकडीत ९५ टक्के पाणी, टोमॅटोतही जवळपास तेवढंच, म्हणजे आत्तापर्यंत तुम्ही विळी-सुरी घेऊन पाणीच चिरत होतात, २०० ग्रॅमच्या त्या बाऊलमध्ये मोजून ३०-३५ कॅलरी जमल्या असतील. एवढ्यावर माणूस जगतो का? इथेच फोटो काढून घ्या, नंतर हिरवं काही दिसणार नाहीये. मग ड्रेसिंग. त्याचं जुनंजाणतं प्रमाण तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर असं आहे, आणि तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण १४ ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरी. असे दोन चमचे ओतले की २४०. नाकापेक्षा मोती जड झाला म्हणणारे म्हणतील, म्हणू दे, नुसत्या नाकाचं कौतुक कुणी केलंय आजवर? वरून चीज किसा, मूठभर अक्रोड टाका. अक्रोडात वजनाच्या ६५ टक्के फॅट असतं पण ते चांगलं फॅट आहे आणि चांगल्या फॅटच्या कॅलरी मोजत बसणं म्हणजे शुद्ध कृतघ्नपणा. फॅट चांगलं असो की वाईट, ग्रॅमला ९ कॅलरीच देतं, आणि पिष्ट किंवा प्रोटीन ४ देतं, हे शाळेतच शिकवलंय आपल्याला, पण शाळेत शिकवलेलं किती लक्षात ठेवायचं हो. शेवटी ब्रेडचे बटरमध्ये परतलेले तुकडे. बाऊलमध्ये जे काही झालंय त्याच्या कॅलरी चांगल्या भरगच्च जेवणाएवढ्या आहेत, पण नाव विचाराल तर सॅलडच, आणि सॅलड खाऊन माणूस उपाशी राहतो हे सगळ्या जगाला ठाऊक असल्यामुळे तासाभराने काहीतरी खायला तुम्ही मोकळे.

तेलाचं मात्र शिस्तीत घ्या. रेसिपीत एक चमचा तेल लिहिलेलं असतं, तर एकच चमचा घ्यायचा, प्रश्नच नाही. चमचा कुठला ते लिहिलेलं नसेल तर आपण ठरवायचं. ५ मिलीचा छोटा चमचाही चमचाच आणि १५ मिलीचा मोठाही चमचाच, आणि भरताना बाटली जरा कलली आणि कडेवरून दोन-चार धारा गेल्या तर ते सांडलेलं तेल, सांडलेलं आहारात धरत नाहीत. याहून सुधारलेला मार्ग हवा असेल तर तेलाचा स्प्रे आणा. हा खरंच गमतीचा प्रकार आहे, अमेरिकेत अशा डब्यांवर शून्य फॅट छापता येतं कारण तिथल्या नियमात एका सर्व्हिंगला अर्ध्या ग्रॅमच्या आत फॅट असेल तर शून्य म्हणायला परवानगी आहे, आणि स्प्रेचं एक सर्व्हिंग म्हणजे सेकंदाचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा. डब्यात तेलच आहे, पण ते एवढ्या बारीक तुकड्यांत मोजलंय की प्रत्येक तुकडा शून्य. अशी कितीही शून्यं मिळवली तरी उत्तर शून्यच, गणिताच्या बाई हेच सांगायच्या. तेव्हा तवा चमकेपर्यंत बटण दाबून धरा, बिनधास्त. आणि 'लाईट' लिहिलेलं ऑलिव्ह ऑइल मिळालं तर दुप्पट घाला, ते रंगाला आणि वासाला सौम्य असतं, कॅलरी तेवढ्याच, पण बाटली कशी फिकट दिसते, बघूनच अंगातून किलोभर गेल्यासारखं वाटतं.

वांग्याबद्दल वेगळं सांगितलं पाहिजे. भाज्या ग्रिल करायच्या ठरल्या की वांगं आणायचंच. कापून पॅनमध्ये ठेवा आणि तेल घाला, ते पिऊन टाकेल. परत घाला, परत पिईल. त्याच्या आत सगळ्या हवेच्या पोकळ्या, त्यामुळे त्याला ना नाही. आधी मीठ लावून ठेवलं किंवा मायक्रोवेव्हमधून काढलं तर त्या पोकळ्या बसतात आणि वांगं तेल बरंच कमी घेतं म्हणतात, आणि खरं आहे ते, म्हणून तर आपण करायचं नाही. ग्रिल्ड भाजी म्हणायची आणि खायची.

आता तळण. तळण बंद करा असं मी कधीच सांगणार नाही, फक्त 'हेल्दी' पद्धतीने तळा. सगळ्यात आधी आच मंद ठेवा, कारण उकाडा आहे आणि कडकडीत तेल म्हणजे तब्येतीला वाईट असं कुठेतरी वाचलेलं असतंच. चांगल्या तापलेल्या, १७५-१८० डिग्रीच्या तेलात पदार्थातल्या पाण्याची वाफ जोरात बाहेर येते आणि ती येत असते तोवर तेलाला आत घुसायला वाव नसतो. तेल कोमट असलं की ही कटकट नाही, पदार्थ निवांत डुंबतो, तेलकट होतो, आणि तुम्ही आच कमी ठेवली म्हणून आरोग्यदायी ठरता. दुसरी युक्ती टिश्यू पेपरची. बहुतेक तेल कढईत नाही तर बाहेर काढल्यावर आत शिरतं, गार होताना आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल खेचून घेते. त्यामुळे गरमागरम असताना टिपायची घाई करू नका, कागद उगाच तेलाने माखतो आणि मन खट्टू होतं. चांगलं गार होऊ द्या, मग हळुवार टिपा, कागद बघा कसा कोरडा ठणठणीत निघतो. बघा, तेलच नव्हतं!

एअर फ्रायर घेतलाच असेल तर अभिनंदन. आत पंखा असलेला छोटा ओव्हन आहे तो, तळत बिळत काही नाही, पण नावात फ्रायर असल्यामुळे त्यात केलेलं सगळं तळलेल्याच्या बदल्यात खाल्लं असं धरता येतं. पूर्वी जे आठवड्यातून एकदा तळायचात ते आता रोज बिनातेलाचं होतंय म्हटल्यावर रोज करा, आणि कोरडं लागतं म्हणून सोबत मेयोनेझ घ्या. मेयोनेझ बहुतांशी तेलच असतं, मोठ्या चमच्याला ९०-१०० कॅलरी, पण ते पांढरं आणि फ्रीजमधलं गार असल्यामुळे उन्हाळ्यात बाधत नाही.

कुणी म्हणेल मेयोनेझ जाळायचं कसं. सोपं आहे, बर्फाचं पाणी प्या. १ लिटर बर्फाळ पाणी शरीराच्या ३७ डिग्रीपर्यंत तापवायला ३७ कॅलरी लागतात, हे पदार्थविज्ञान आहे, यात वाद नाही. म्हणजे एका चमचा मेयोनेझला अडीच लिटर पाणी. चार चमचे खाल्ले असतील तर दहा लिटर. जमत नसेल तर प्यायल्याचं मनात धरा, उन्हाळ्यात माणूस भरपूर पाणी पितो असं गृहीत धरायची पद्धत आहेच.

बाजारातल्या गोष्टी घेताना लेबल अगदी डोळ्यात तेल घालून वाचा (मोजायला लागणार नाही असं हे एकमेव तेल), पण फक्त पुढचं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात साखर, स्टार्च असं काय काय लिहिलेलं असतं ते वाचू नका, डोळ्यांवर ताण येतो. पुढे 'लो फॅट' म्हटलंय ना, बास. बऱ्याच देशांत घन पदार्थाला १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपर्यंत फॅट असेल तर असं लिहिता येतं. आता दह्यातलं फॅट काढलं की चव आणि दाटपणा जातो, मग चव परत आणायला साखर घालतात, दाटपणाला स्टार्च, आणि फळाचा स्वाद म्हणून गोड पाक, आणि हे सगळं कायद्याने ठीक आहे कारण साखरेत फॅट शून्य. याच न्यायाने साखरेची अख्खी बरणी फॅट फ्री आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल, नसेल तर आता आलं.

हे मी काढलेलं शास्त्र नव्हे, मोठी परंपरा आहे याला. १९७७ साली अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीने लोकांना फॅट कमी खा म्हणून सांगितलं, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत तिथल्या कंपन्यांनी जे जे खाण्यासारखं होतं त्याची कमी फॅटवाली आवृत्ती काढली. १९९२ मध्ये स्नॅकवेल्स नावाची फॅट नसलेली चॉकलेट बिस्किटं आली आणि लोकांवर असा काही परिणाम झाला की फॅट नाही म्हटल्यावर एका बैठकीत अख्खा पुडा संपायला लागला, या वागण्याला पुढे त्या बिस्किटांचंच नाव मिळालं. आपल्यासारखीच माणसं ती, फक्त आधी जन्मलेली. मग जानेवारी १९९६ मध्ये तिथल्या सरकारने चिप्ससारख्या खाऊसाठी ओलेस्ट्रा मंजूर केलं. ही फार हुशारीची वस्तू होती, साखरेच्या रेणूवर फॅटी ॲसिडं एवढी दाटीवाटीने बसवली होती की पचनाच्या रसांना त्याला हातच लावता येईना, चव फॅटची आणि कॅलरी शून्य, स्वर्गच! आता न पचलेलं फॅट जायचं कुठे हा प्रश्न उरला, तर त्याचं उत्तर पाकिटावरच छापावं लागायचं, पोटात कळा येऊ शकतात आणि जुलाब होऊ शकतात. चिप्सच्या पाकिटावर. शिवाय जाताना ते शरीरातली काही जीवनसत्त्वं बरोबर नेत असल्याने ती वरून घालावी लागत. हलकं वाटण्याचा याहून खात्रीचा उपाय माणसाला अजून सापडलेला नाही.

आता काही जण दुसऱ्या टोकाला जातात, तेलाचा थेंब नको म्हणतात, त्यांच्यासाठीही सोय आहे. गाजर, टोमॅटो, हिरवा पाला, सगळं कच्चं, वर नुसतं लिंबू. दिसायला किती पवित्र. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं फॅटमध्ये विरघळतात आणि गाजर-टोमॅटोतली रंगद्रव्यंही अंगी लागायला सोबत थोडं फॅट लागतं, ते नसलं तर बराचसा माल आला तसा निघून जातो. तेलही गेलं, तूपही गेलं. छोटा चमचाभर तेल घातलं असतं, ४० कॅलरी गेल्या असत्या आणि काम झालं असतं, पण मग तो आहार राहिला नसता, नुसतं जेवण झालं असतं, आणि नुसत्या जेवणाबद्दल चारचौघांत बोलणार काय?

फळं खा हे तर सगळेच सांगतात. चावायचे कष्ट मात्र कशाला, पिळून प्या, तीन-चार संत्र्यांचा रस दोन मिनिटांत जातो, सोलून खायला बसलात तर दुसऱ्या संत्र्यालाच पुरे म्हणाल. चोथा ठेवायचा नाही, तो पोट भरतो. आईस्क्रीम? चालेल की. साध्या आईस्क्रीममध्ये फॅट १० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त असतं, पण घुसळताना त्यात इतकी हवा जाते की काही प्रकारांत निम्मं आकारमान हवाच असते, आणि हवा पूर्णपणे फॅट फ्री आहे. तेव्हा कपातली निम्मी बाजू हवेची समजून दुसरा कप घ्यायचा, म्हणजे हिशोब एकावर येतो.

घरात बाकीचे लोक असतील तर त्यांना या सगळ्यात ओढू नका, म्हणजे जेवण त्यांचं नेहमीचंच होऊ द्या आणि तुमचं हलकं वेगळं. दोन-दोन स्वयंपाक ज्या कुणाला करावे लागतील त्या व्यक्तीला उकाड्यात गॅससमोर डबल वेळ मिळेल, घाम जाईल, तिचंही वजन उतरेल. तुम्ही आधी आपलं वाफवलेलं सगळ्यांसमोर संपवा, चेहरा थोडा त्यागी ठेवा. नंतर त्यांच्या कढईत उरलेलं 'वाया जायला नको' म्हणून पुसून घ्या. वाया जाऊ न देणं हे वेगळं खातं आहे, आहाराच्या खात्यात ते येत नाही.

आणि रोज रोज कोण करणार, म्हणून पास्ता, बटाटा, उकडलेली अंडी असं थंड सॅलड एकदम आठवड्याचं करून टेबलावर ठेवून द्या, येता-जाता खाता येतं. असलं शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये आणि तापमान ३२ डिग्रीच्या वर असेल तर एका तासावर नको असा नियम आहे खरा, ५ ते ६० डिग्रीच्या मध्ये जंतू भराभर वाढतात म्हणून. पण तुम्ही संध्याकाळपर्यंत राहू दे. दुसऱ्या दिवशी जे होईल त्याने ओलेस्ट्राची कमी भरून निघेल, तेही फुकट.

शेवटी वजन. ते कधी करायचं याला महत्त्व आहे. भर दुपारी उन्हातून तासभर चांगले फिरून, निथळत घरी या आणि पाण्याला हात न लावता थेट काट्यावर उभे राहा. लिटरभर घाम गेला असेल तर काटा किलोभर खाली दिसेल, फॅट जागचं हललेलं नसेल पण काट्याला ते कळत नाही. पटकन आकड्याचा फोटो, मग घटाघटा पाणी, आणि त्यानंतर काट्याच्या वाटेला जायचं नाही. फोटो ग्रुपवर टाका. कुणीतरी विचारेलच, अगं बाई, काय केलंस, आम्हालाही सांग. त्यावर लगेच उत्तर देऊ नका, दोन तास जाऊ द्या, मग लिहा, 'काही नाही गं, नुसतं सॅलड.' सोबत तो ड्रेसिंगच्या आधीचा फोटो जोडायला विसरू नका.