कलिंगडवाल्याचा ठेका

जॅझ म्हणजे डोक्याला ताप, असं म्हणून त्याच्या वाटेलाच न जाणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी अमेरिकन पियानोवादक हर्बी हॅनकॉकचं 'वॉटरमेलन मॅन' ऐकवते. गंमत म्हणजे जॅझमधले काही दर्दीच या रचनेला 'सोपी', 'धंदेवाईक' म्हणून नाकं मुरडतात. मला ते अजिबात पटत नाही.

१९६२ साली हॅनकॉकने ती बांधली तेव्हा तो जेमतेम २२ वर्षांचा होता. अल्बमही पहिलाच, 'टेकिन ऑफ'. शिकागोत त्याच्या लहानपणी गल्लीतून कलिंगडवाल्याची गाडी जायची. दगडी फरसबंदीवर तिची चाकं खडखडायची. पियानोतला ठेका त्या चाकांचा, आणि धून कलिंगडवाल्याला घरांतून हाका मारणाऱ्या बायकांची! ऐकताना हे माहीत नसलं तरी पाय ताल धरतोच.

आता त्यातली खुबी बघा. ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराचं आवर्तन एरवी १२ बारचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) असतं, इथे ते १६ बारचं आहे. नवव्या बारपासून दोन कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आलटून पालटून तीनदा येतात. आता समेवर येणार, आता येणार म्हणून आपण वाट बघत बसतो आणि हा पठ्ठ्या आणखी एक हेलपाटा घालायला लावतो. मग पंधराव्या बारला एकदाचे घरी, म्हणजे मूळ कॉर्डवर पोचतो. जीव तिथेच अडकतो. याला सोपं म्हणणाऱ्यांनी असं एक आवर्तन बांधून दाखवावं.

पुढे क्यूबाच्या माँगो सांतामारियाने ती कोंगावर, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच ढोलावर घेतली आणि १९६३ मध्ये ती अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या दहांत गेली. १९७३ च्या 'हेड हंटर्स' या अल्बममध्ये तर हॅनकॉकने स्वतःच तिचा पार कायापालट केला. सुरुवातीला तालवादक बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकर मारतो, मध्य आफ्रिकेतल्या जंगलवासीयांच्या बासरीवादनाच्या धर्तीवर. मग संथ, जड फंक, म्हणजे ठेक्यावर भर देणारं नाचरं संगीत. मूळ धून बऱ्याच वेळाने येते, पण आली की लगेच ओळखू येते. चाल इतकी बदलूनही ओळख टिकते, ती तिचा सांगाडा पक्का आहे म्हणूनच.

मला स्वतःला पहिलंच रेकॉर्डिंग जास्त प्रिय आहे, बिली हिगिन्सच्या ड्रम्ससाठी. कुठे दणदणाट नाही, उगाच करामती नाहीत. तो फक्त ठेका धरून ठेवतो आणि डेक्स्टर गॉर्डनचा सॅक्सोफोन त्यावर ऐसपैस बसतो. हेडफोन लावून एकदा फक्त ड्रम्सकडे लक्ष देऊन ऐका.