राजाच्या अंगणात दहावीची बॅच

बकरी ईद झाली की दोन-तीन दिवसांत माझ्या फोनवर दरवर्षी तेच व्हिडिओ येऊन आदळतात. घोड्यावर बसलेले रुबाबदार काका, एकाच रंगाच्या कापडातल्या पन्नास बायका, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, 'नायजेरियाचा जबरदस्त फॅशन शो!' लेगॉसमध्ये सहा वर्षं काढलेल्या मला हे वाचून जो वैताग येतो, तो आज इथे ओकून टाकते.

त्याला 'ओजुदे ओबा' म्हणतात. ओबा म्हणजे राजा, ओजुदे म्हणजे वाड्यापुढचं अंगण. लेगॉसपासून साधारण शंभर किलोमीटरवर, ओगुन राज्यातल्या इजेबू-ओडे गावी ईद धरून तिसऱ्या दिवशी हा सोहळा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या राजाने मुसलमानांना आपला धर्म मोकळेपणाने पाळू दिला, म्हणून ते ईदनंतर त्याचे आभार मानायला वाड्यावर जायला लागले. आता चर्चला जाणारेही तितक्याच हौसेने येतात, लंडन-अमेरिकेहून सुट्ट्या जुळवून येतात.

मी 2024 साली गेले. आमच्या इमारतीतल्या एक आन्टी इजेबूच्या (हो, तिथेही आन्टीच म्हणतात). त्यांच्या 'रेग्बेरेग्बे'बरोबर गेले. खरी गोष्ट या शब्दात आहे. रेग्बेरेग्बे म्हणजे एका वयाच्या माणसांचा गट. आपल्याकडे कसं, '89ची दहावीची बॅच, तसं. फक्त शाळा एकच, ती म्हणजे इजेबू. दोन-चार वर्षांच्या अंतराने जन्मलेले सगळे एका गटात, आणि प्रत्येक गटाला राजाच्या संदर्भातलं नाव. 'ग्बोबानियी' म्हणजे राजाला मान देणारे, 'बोबाग्बिमो' म्हणजे राजाशी मसलत करणारे. पद्धत जुनी, मध्ये ढिली पडलेली. 2025 साली गेलेले राजे, अवुजाले (ही इजेबूच्या राजाची पदवी) सिकिरू कायोदे आदेतोना, यांनी आपल्या कारकिर्दीत ती पुन्हा उभी केली.

आन्टींच्या शिंप्याने ऐन वेळी दगा दिला. सकाळी सहाला ब्लाऊजची एक बाही शिवायची राहिलेली. बाई गाडीत बसून टाके घालतायत आणि एकीकडे मला डोक्याचं कापड कसं बांधायचं ते शिकवतायत. त्या कापडाला 'गेले' म्हणतात. 'माझं गेले कुठे गेलं?' हे वाक्य मी मनातल्या मनात दहा वेळा म्हणून घेतलं, कारण त्यातली गंमत त्या गाडीत कुणालाच कळणार नव्हती.

मग मैदान. एकेक गट नाचत मंडपापुढे येतो. बायका गुडघे टेकतात, पुरुष लवतात किंवा चक्क पालथे पडतात. भेट द्यायची, आशीर्वाद घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. मग जुन्या सेनापतींची, म्हणजे 'बालोगुन' मंडळींची घराणी घोड्यावरून येतात, बंदुकीचे बार काढतात. त्याच वर्षी फारूक ओरेआग्बा या गृहस्थांचा घोड्यावरचा फोटो जगभर गेला. कॅन्सरशी झगडणारा, वित्तक्षेत्रात काम केलेला माणूस, अंगावर टॅटू, तोंडात सिगार. फोटो भारीच होता, नाही म्हणत नाही. पण त्यानंतर लोकांना घोडेच दिसतात, पायी आलेल्या बॅचेस कुणी बघत नाही.

आता माझं मत. मी कोल्हापूरची. आमच्याकडे दसऱ्याला छत्रपती मेबॅक गाडीतून चौकात येतात आणि सोनं लुटायला गर्दी लोटते. माझे वडील मात्र त्या दिवशी हटकून घरी बसायचे. 'तनखे गेले 1971 साली, पाठीचे कणे कधी सरळ होणार?' हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य. मी तेच वाक्य डोक्यात घेऊन इजेबूला गेले होते. राजाला तिथे 'काबियेसी' म्हणतात, म्हणजे ज्याला जाब विचारणारा कुणी नाही. ऐकूनच अंगावर काटा आला. पण गंमत बघा, देशाच्या राज्यघटनेत या राजांना काही अधिकारच नाही. आदेतोना एप्रिल 1960 मध्ये गादीवर आले, म्हणजे नायजेरिया स्वतंत्र होण्याच्या सहा महिने आधी. पुढे 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या निवडून आलेल्या राज्यपालाने (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा समजा) त्यांनाच गादीवरून काढायचा घाट घातला. मग 1983च्या शेवटी लष्कराने त्या राज्यपालाचीच सत्ता घालवली आणि राजे राहिले.

अंगणात मला दिसलं ते असं. आन्टींच्या गटात एक बँकेतली मोठी अधिकारी होती आणि एक बाजारात गारी, म्हणजे कसाव्याचा रवा, विकणारी. कापड एकच, रांग एकच, आणि दोघी एकमेकींना अरे-तुरे. गटात यायची अट एकच, जन्माचं साल. वर्षभर वर्गणी काढायची, गावासाठी काही करायचं आणि तिसऱ्या दिवशी राजापुढे सगळ्यांच्या देखत उभं राहायचं. पुढचा गट काय घालून आला, त्याने गावाला काय दिलं, यावर वर्षभर टोमणे चालतात. राजाने नुसतं बसायचं. आपल्याकडे मंडळं गल्लीची, समाज जातीचे, मेळावे पक्षाचे. वयाने माणसं एकत्र येतात ती फक्त दहावीच्या ग्रुपवर, आणि तिथे आपण काय करतो? गुड मॉर्निंगची फुलं आणि दोन वर्षांनी एक रिसॉर्ट.

सगळं गोड नाही तिथेही. त्या जूनमध्ये नायजेरियातली महागाई 34 टक्क्यांच्या वर होती, आणि गटाचं कापड म्हणजे हातमागाचं 'आशो-ओके'. आन्टींच्या गटातल्या दोघी 'तब्येत बरी नाही' म्हणून आल्याच नाहीत. तब्येत कसली, ते सगळ्यांना माहीत होतं. बरोबरीसाठी एकसारखं कापड, आणि तेच परवडलं नाही म्हणून घरी. हे मी आन्टींना बोलून दाखवलं तर त्यांनी माझ्या ताटलीत आणखी इकोकोरे वाढलं. ('वॉटर याम' किसून माशाबरोबर शिजवतात. कंद ओळखीचा निघाला, आपलं कोनफळ!) विषय संपला.

13 जुलै 2025 ला आदेतोना गेले, वयाच्या 91व्या वर्षी. 65 वर्षं गादीवर होते. राजाचं दफन परंपरेप्रमाणे गुप्त विधींनी करायचं की त्याच्या धर्माप्रमाणे, हा तिथला जुना वाद. त्यांनीच पाठपुरावा केलेल्या कायद्याने घरच्यांना निवड मिळाली होती, आणि त्यांचं दफन इस्लामी पद्धतीने झालं.

मी आन्टींना सांत्वनाचा फोन केला. रडल्या, बराच वेळ बोलल्या. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, गटात ठरलंय, पुढचं कापड थोडं स्वस्तातलं घ्यायचं.