व्हॅलेंटाईन आणि लुपरकॅलियाचा तो फॉरवर्ड
फेब्रुवारी आला की तो मेसेज फिरतोच, प्राचीन रोममधे लुपरकॅलिया नावाच्या सणाला पोरं मडक्यातून पोरींच्या नावाच्या चिठ्ठ्या काढायची आणि पोप गेलासियसने त्याचाच व्हॅलेंटाईन डे केला वगैरे. सण खराय, १५ फेब्रुवारीचा, बकरे आणि कुत्रा बळी द्यायचे, मग त्या बकऱ्यांच्या कातड्याच्या पट्ट्या घेऊन जवळजवळ उघडी पोरं पळायची आणि वाटेत बायकांना फटके मारायची, बायका स्वतःहून हात पुढे करायच्या कारण त्याने मूल होतं अशी समजूत (रोमँटिक म्हणे!). पण चिठ्ठ्यांचा उल्लेख एकाही रोमन लेखकाकडे नाहीये, ती भर १८व्या शतकातली. गेलासियसने लुपरकॅलियाला विरोध केलेलं पत्र आहे, त्यात व्हॅलेंटाईनचं नावच नाही. प्रेमाशी व्हॅलेंटाईनचा दिवस जोडलेला पहिल्यांदा दिसतो तो थेट १४व्या शतकात, इंग्लंडात चॉसरच्या कवितेत, आणि तिथे जोड्या जमवतायत पक्षी.