भाडेकरारावर सही करण्याआधी बाल्कनीतून आकाश पाहा

भाड्याचे घर बदलल्यावर डीटीएचची सेवा बंद पडते, ती क्वचितच तांत्रिक बिघाडामुळे. खाते आपल्या नावावर असते, सेट-टॉप बॉक्स आपल्यासोबत येतो, निवडलेल्या वाहिन्या त्याच राहतात आणि सेवा देणारी कंपनीही जोडणी नव्या पत्त्यावर हलवून द्यायला सहसा तयार असते. अडते ते दोनच ठिकाणी: नव्या घरातून उपग्रह दिसतो का, आणि दिसत असेल तर तिथे डिश लावायला घरमालकांची संमती आहे का. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे भाडेकरारावर सही होण्यापूर्वी मिळू शकतात आणि ती त्याच वेळी मिळवली पाहिजेत, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर लेखी, असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. अनामत भरली जाते, सामान लावून होते, आणि मग तंत्रज्ञ दारात उभा असताना घरमालकांना फोन जातो. त्या क्षणी ते नको म्हणाले, तर भाडेकरूच्या हातात विनवणी करण्यापलीकडे काही उरत नाही.

आधी आकाशाबद्दल लिहितो, कारण तिथे कोणाचीही परवानगी उपयोगी पडत नाही. टीव्हीचे प्रक्षेपण करणारे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवरच्या उपग्रहाची पृथ्वीभोवतीची एक फेरी आणि पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी एकाच वेळात पूर्ण होत असल्याने तो आपल्याला आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा असतो, आणि म्हणूनच डिश एकदा रोखून घट्ट केली की पुन्हा हलवावी लागत नाही. उत्तर गोलार्धातल्या घरांची डिश दक्षिणेकडच्या आकाशाकडे रोखलेली असते, दक्षिण गोलार्धातल्या घरांची उत्तरेकडच्या. विषुववृत्तापासून आपण जितके दूर, तितका उपग्रह क्षितिजाकडे उतरलेला असतो. उत्तर गोलार्धात ज्या घराच्या सगळ्या खिडक्या आणि बाल्कनी निव्वळ उत्तरेला उघडतात, त्या घरात स्वतःची डिश लावण्याचा विचार सोडून द्यावा आणि इमारतीच्या गच्चीची चौकशी करावी, हे ओघानेच आले.

लहान घरगुती डिशसाठी बहुधा केयू बँड हा रेडिओ लहरींचा पट्टा वापरला जातो. त्याच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असते आणि भिंत, पत्रा किंवा ओली दाट पाने यांच्यातून त्या पार होत नाहीत. मोबाइलला घराच्या कोपऱ्यातही रेंज मिळते, तसे इथे होत नाही. शिवाय साठ सेंटीमीटर व्यासाची डिश आकाशाचा साधारण तीन अंशांचाच पट्टा पाहते, त्यामुळे दिशा दोन अंशांनी चुकली तरी पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी येते. जुन्या घरी नीट बसवलेली डिश तिच्या खुणांसकट तशीच्या तशी उचलून नव्या भिंतीवर लावली तर चालू होईल, ही अपेक्षा त्यामुळेच फोल ठरते.

घर बघताना फसगत होते ती आणखी एका कारणाने. आपल्याकडच्या बहुतेक डिश ऑफसेट प्रकारच्या असतात. म्हणजे सिग्नल टिपणारा एलएनबी तबकडीच्या मध्यासमोर नसतो, तर खालच्या बाजूने पुढे आलेल्या दांड्यावर असतो. अशी तबकडी पाहणाऱ्याला जवळजवळ उभी, समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड केलेली दिसते, पण प्रत्यक्षात ती त्या दिशेच्या वीस-पंचवीस अंश वरचे आकाश पाहत असते. समोरची इमारत आडवी येते असे वाटून चांगले घर नाकारणारे लोक मी पाहिले आहेत, आणि समोर सगळे मोकळे आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची वाट वरच्या मजल्याच्या स्लॅबने अडवल्याचेही पाहिले आहे. हिशेब सोपा आहे. उपग्रह क्षितिजापासून 45 अंशांवर असेल, तर समोरची इमारत आपल्या डिशच्या पातळीपेक्षा जितकी उंच, किमान तितकी ती दूर हवी. उपग्रह 30 अंशांवरच असेल, तर अंतर त्या उंचीच्या पावणेदोन पट लागते. बाल्कनीच्या छताचे गणित याच्या उलट चालते: डिश छताच्या बाहेरच्या कडेपासून एक मीटर आत आणि छताच्या दोन मीटर खाली असेल, तर सुमारे 63 अंशांपर्यंतचेच आकाश तिला मोकळे मिळते. उपग्रह त्याहून वर असेल, तर डिश कठड्याजवळ सरकवणे किंवा आणखी खाली बसवणे, एवढाच मार्ग राहतो.

हे मोजायला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. आपला उपग्रह कोणता हे कळले की फोनचा कॅमेरा आकाशाकडे धरून त्याची जागा दाखवणारी ॲप मिळतात. फक्त फोनमधले होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ भरकटते, म्हणून दोन पावले मागे उभे राहून पाहावे. त्याहून खात्रीची खूण आजूबाजूच्या घरांवर असते, कारण एकाच कंपनीच्या सगळ्या डिश परिसरात एकाच दिशेला तोंड करून असतात. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास तर निसर्गच मदत करतो. त्या काळात काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटे चित्र फुटते. त्याच मिनिटांना नव्या घराच्या बाल्कनीत ज्या जागी थेट ऊन पडलेले असते, त्या जागेवरून उपग्रह दिसतो. झाडाबाबत मात्र सावध राहावे. पानगळीच्या दिवसांत घर पाहिले, तर उघड्या फांद्यांमधून आकाश मोकळे दिसते आणि पालवी फुटल्यावर तीच फांदी सिग्नल खाते.

आता घरमालकांविषयी. डिश नको म्हणणाऱ्या घरमालकांना आडमुठे ठरवून मोकळे होणे मला मान्य नाही. मी सध्या राहतो त्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर आधीच्या भाडेकरूच्या डिशची चार भोके होती. प्रत्येक भोकाखाली गंजाचा तांबूस ओघळ उतरला होता, आणि आतल्या खोलीत बरोबर त्याच उंचीवर रंगाला फुगे येऊन पोपडे सुटले होते. “हे बघा, म्हणून मी कोणालाच डिश लावू देत नाही,” असे घरमालक म्हणाले, आणि त्यात नाकारण्यासारखे काही नव्हते. भोक पाडताना त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवला नाही, फास्टनरभोवती सीलंट भरले नाही, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोल दिला नाही, तर पावसाचे पाणी केबलच्या अंगावरून ओघळत थेट भिंतीच्या पोटात जाते. झोल दिला की ते पाणी झोलाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून पडते. तंत्रज्ञाची पाच मिनिटे त्यात जातात, आणि घाईत तीच वाचवली जातात.

म्हणून मी त्यांच्याकडे परवानगी मागण्याऐवजी भोक न पाडण्याची हमी आधी दिली. बाल्कनीच्या कठड्याच्या नळीला आवळून बसणारा क्लॅम्प मिळतो. कठडा नसेल, तर जमिनीवर ठेवायची चौकट मिळते, जिच्यावर काँक्रीटचे ठोकळे ठेवून वजन दिले जाते. केबल आत घेण्यासाठी पट्टीसारखी चपटी केबल येते, ती सरकत्या खिडकीच्या फटीतून जाते आणि खिडकी बंदही होते. तिच्यामुळे सिग्नल थोडा घटतो, पण डिश नीट रोखलेली असेल तर तो फरक जाणवत नाही. डिश काचेच्या आत ठेवण्याचा सल्लाही कोणी कोणी देतात. साध्या काचेतून सिग्नल अशक्त होऊन येतो आणि उष्णता अडवणारा धातूचा लेप असलेल्या काचेतून तो जवळजवळ येतच नाही, त्यामुळे तो मार्ग मी सुचवणार नाही. घरमालकांनी क्लॅम्प हातात घेऊन पाहिला, रबरी पट्टी आहे का ते विचारले, आणि होकार दिला.

भोक नाही म्हणजे धोका नाही, असे मात्र नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात साठ सेंटीमीटरच्या तबकडीवर पंधरा ते वीस किलो वजनाइतका जोर येतो. उंच मजल्यावरून सुटलेली डिश खाली चालणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकते. ती कठड्याच्या आतल्या बाजूला बसवावी, तिच्या दांड्याला पोलादी तारेचा एक जादा फास घालून तो दुसऱ्या पक्क्या आधाराला बांधावा, आणि कठडा गंजलेला असेल तर डिशचा हट्ट सोडावा. या एका बाबतीत घरमालकांचा नकार अंतिम मानला पाहिजे.

पण दिसायला वाईट दिसते, किंवा आमच्या इमारतीत असे चालत नाही, एवढ्याच कारणावर दिलेला नकार मी योग्य मानत नाही. घरात बसून बातम्या आणि आपल्या भाषेतले कार्यक्रम पाहणे हा राहण्याचाच भाग आहे, आणि भाडे भरणाऱ्या माणसाला तो अधिकार मालकापेक्षा कमी नसतो. हे माझ्या एकट्याचे म्हणणे नाही. अमेरिकेत 1996 च्या दूरसंचार कायद्यानुसार तिथल्या संघीय दळणवळण आयोगाने एक मीटरपर्यंतच्या डिशवरील अवाजवी बंधने रद्द केली आणि 1999 पासून ते संरक्षण भाडेकरूंनाही दिले. त्या नियमाची आखणी मला फार समंजस वाटते: जी बाल्कनी किंवा अंगण केवळ भाडेकरूच्या वापरात आहे तिथे त्याला डिश लावता येते, पण सामाईक गच्चीवर आणि बाहेरच्या भिंतीवर तो हक्क चालत नाही, भिंतीला भोक पाडण्यास मालक मनाई करू शकतो, आणि सुरक्षिततेसाठी घातलेल्या अटी कायम राहतात. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 1994 मध्ये परदेशी भाडेकरूंच्या बाबतीत मायदेशाचे कार्यक्रम पाहण्याचे त्यांचे हित मालकाच्या हिताच्या बरोबरीने तोलले पाहिजे, असे सांगितले. स्वीडनमधल्या एका इराकी वंशाच्या कुटुंबाला तर डिश काढायला नकार दिल्यामुळे घर सोडावे लागले होते. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर 2008 मध्ये त्यांच्या माहिती मिळवण्याच्या स्वातंत्र्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला. अरबी आणि फारसी वाहिन्या पाहण्यासाठी त्या आईवडिलांना आणि त्यांच्या मुलांना दुसरे साधन नव्हते, हे न्यायालयाने लक्षात घेतले. निर्णय लागेपर्यंत ते कुटुंब दुसऱ्या गावी राहायला गेलेले होते, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद किती भाडेकरूंकडे असते? म्हणून करारातल्या दोन ओळींना मी इतके महत्त्व देतो. “भाडेकरू बाल्कनीच्या कठड्यावर, भिंतीला भोक न पाडता, एक मीटरपेक्षा लहान डिश स्वखर्चाने लावू शकेल, घर सोडताना ती काढून जागा पूर्ववत करून देईल आणि डिशमुळे झालेले नुकसान भरून देईल.” एवढे लिहिलेले असले की घर मध्येच विकले गेले किंवा देखभाल दुसऱ्या माणसाकडे गेली, तरी तोंडी शब्दाची साक्ष शोधत बसावे लागत नाही. डिश लावल्यावर आजूबाजूच्या भिंतीचे तारखेसह फोटो काढून घरमालकांना पाठवावेत. अनामत परत घेताना त्यांचा उपयोग होतो.

कंपनीकडची कामे त्यामानाने सरळ आहेत. बॉक्स आणि डिश आपल्या मालकीचे आहेत की भाड्याने दिलेले, आणि किमान मुदतीचा करार शिल्लक आहे का, हे आधी विचारावे. स्थलांतराची विनंती घर बदलण्याच्या आधी नोंदवावी आणि मधल्या दिवसांसाठी सेवा तात्पुरती थांबवता येते का ते पाहावे. नव्या घरावर आधीच्या भाडेकरूची डिश असेल, तर ती वापरण्यापूर्वी घरमालकांना विचारावे. उपग्रह वेगळा असला तरी तबकडी नव्याने रोखता येते, एलएनबी मात्र आपल्या सेवेशी जुळणारा हवा. परदेशात जाणाऱ्यांनी खाते नेण्याची आशा धरू नये, कारण उपग्रहाचा झोत ठरावीक भूभागावरच पडतो आणि वाहिन्यांचे हक्कही त्या त्या देशापुरते असतात. तंत्रज्ञ गेल्यावर सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे दिसतात, त्यांपैकी गुणवत्तेचा आकडा पाहावा. ताकद भरपूर आणि गुणवत्ता शून्य असेल, तर डिश बहुधा चुकीच्या उपग्रहाकडे रोखलेली असते.

इंटरनेटवर सगळे मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. नव्या घरात इंटरनेटची जोडणी व्हायला वेळ लागतो, डेटा संपतो, आणि घरातल्या वृद्धांना रिमोटचे एक बटण दाबून ठरलेल्या क्रमांकावर ठरलेली वाहिनी हवी असते. उपग्रहाचे प्रक्षेपण एकाने पाहिले काय किंवा कोटी लोकांनी पाहिले काय, सामन्याच्या शेवटच्या षटकात मंदावत नाही. मुसळधार पावसात ते जाते, हे खरे. पण पाऊस ओसरला की आपोआप परत येते.

राहिला प्रश्न अशा घरांचा, जिथून उपग्रह दिसतच नाही. तिथे गच्चीवर एक सामाईक डिश आणि तिचा सिग्नल अनेक घरांत वाटून देणारा मल्टिस्विच बसवून प्रत्येक घरात एकेक केबल उतरवता येते. भिंतीवर डझनभर तबकड्या नकोत, असे म्हणणाऱ्या घरमालकांनी ही सोय स्वतःहून करून द्यावी, आणि भाडेकरूंनी ती एकट्याने न मागता इमारतीतल्या इतर भाडेकरूंसह लेखी मागावी.